परदेशातल्या वैद्यकीय स्वयंसेवेला निघण्याआधी : सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एमबीबीएस, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी शिकणाऱ्या आणि दोन ते चार आठवड्यांसाठी परदेशी शिबिराला किंवा दवाखान्यात मदतीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं नेपाळ, केनिया आणि युगांडा या देशांची घेतली आहेत. असे दौरे बिघडतात ते बहुधा घर सोडायच्या आधीच. कुठं तिसरा डोस राहिलेला असतो, कुठं पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं, तर कुठं सॅम्पलच्या गोळ्यांनी बॅग भरलेली असते. म्हणून इथं विमानात बसल्यानंतरच्यापेक्षा बसण्याआधीच्या गोष्टी जास्त आहेत.

तयारीला किती आधी लागायचं?

सहा महिने आधी लागलात तर सगळं नीट बसतं. तीन महिन्यांत जमतं, पण पळापळ होते. सहा आठवड्यांच्या आत कुणी 'चल' म्हणत असेल, तर नेपाळचा विचार करता येईल, आफ्रिकेचा करू नका.

यात पासपोर्टपेक्षा हिपॅटायटिस बी जास्त वेळ खातो. त्याचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना असतात आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची असते. पहिल्या वर्षाला कॉलेजात दोन डोस घेतले, तिसरा परीक्षेत राहून गेला, हे इतक्या जणांचं झालेलं असतं की तुमचंही झालंय असं धरूनच कार्ड शोधा. राहिलेला डोस घेतला की झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

कॉलेजकडून काय लागतं?

प्राचार्यांची लेखी परवानगी, बोनाफाइड आणि सुट्टीच्या नेमक्या तारखा. वैद्यकीयला थिअरीत 75 टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी लागते. शिबिराचे दिवस हजेरीत धरले जातील असं कुणी तोंडी सांगितलं असेल तर ते कागदावर घ्या. सरकारी कॉलेज असो की अभिमत विद्यापीठ, परीक्षेच्या तोंडावर तोंडी शब्दाची आठवण कुणालाच राहत नाही.

पासपोर्टच्या अर्जात आमच्याकडच्या मुलांचं नेमकं कुठं अडतं?

नावात. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या, जन्मदाखल्यावर कन्नडमधून आलेलं तिसरंच. कुठं आडनाव पुढं, कुठं आडनावाच्या जागी नुसतं इनिशियल. मराठी आडनाव कन्नडमध्ये लिहिलं गेलं आणि तिथून इंग्रजीत आलं की एखादं अक्षर वाढतं किंवा गळतं. पासपोर्टच्या फॉर्मात 'दिलेलं नाव' आणि 'आडनाव' असे दोन वेगळे रकाने असतात. मार्क्सकार्ड आणि आधार आधी जुळवा, मगच अर्ज भरा. आधारची दुरुस्ती आधी करून घेतली तर पुढचे हेलपाटे वाचतात.

दुसरी अडचण पत्त्याची. हॉस्टेलचा पत्ता 'सध्याचा पत्ता' म्हणून दिला, की पोलीस चौकशी हॉस्टेलवर जाते आणि विद्यार्थी त्या आठवड्यात गावी असतो. रिपोर्ट उलटा गेला की महिना गेला. बेळगावात पोस्ट ऑफिसातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मोठं केंद्र हुबळीला. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, तत्काळला आणखी 2000.

शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यावर दुसरं असं दिसणारच. त्यानं काही बिघडत नाही. मात्र व्हिसाच्या फॉर्ममध्ये जन्मस्थळ पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाका. तिथं स्वतःहून सुधारणा करायला जाऊ नका.

आधीच पासपोर्ट आहे, तो चालेल?

परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी आणि दोन कोरी पानं हवीत.

नेपाळला आधार चालतं ना?

नाही. भारतीय नागरिकाला नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना प्रौढ व्यक्तीला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. आधारवर विमानतळावरून परत पाठवतात. अठरा पूर्ण होऊनही मतदार यादीत नाव न घातलेली मुलं इथं अडकतात.

केनियात जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. युगांडाचा ई-व्हिसा आहे. दोन्हीकडे सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करा. हुबेहूब तशी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी दलालांची पानं शोधयंत्रात वर येतात. येण्याचं कारण काय लिहायचं, हे निमंत्रण देणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारून घ्या. 'पर्यटन' लिहून वॉर्डात काम करताना सापडलात तर अडचण तुमची, संस्थेची नाही.

कोणत्या लसी लागतात?

सगळ्यांसाठी: हिपॅटायटिस बी पूर्ण आणि अँटिबॉडी 10 किंवा त्याहून जास्त असल्याचा रिपोर्ट, धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर, मागचा घेऊन दहा वर्षं झाली असतील तर, गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने, कांजिण्या झाल्या नसतील तर त्याची लस. टायफॉइडची कॉन्जुगेट लस एकच डोस, निघण्याच्या दोन आठवडे आधी. हिपॅटायटिस ए चे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, पण पहिल्या डोसवर प्रवास करता येतो.

रेबीजबद्दल थोडं सविस्तर, कारण ही लस बहुतेक जण टाळतात. 'कुत्री काय आपल्याकडं नाहीत?' हा युक्तिवाद नेहमीचा. फरक असा, की इथं कुत्रं चावलं तर सरकारी दवाखान्यात लस मिळते. केनियाच्या एखाद्या खेड्यात इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) मिळवायला दोन दिवस लागू शकतात. आधी लस घेतलेली असेल तर चावल्यानंतर इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरत नाही, फक्त 0 आणि 3 ऱ्या दिवशी दोन डोस पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशीनुसार आधीचा कोर्स 0 आणि 7 व्या दिवशी असा दोन भेटींत होतो. आपल्याकडचे काही डॉक्टर 21 किंवा 28 व्या दिवशी तिसराही देतात, त्यांचं ऐका. आणि लस घेतली असो वा नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून.

पिवळ्या तापाची लस बेळगावात कुठं मिळेल?

नेहमीच्या मेडिकलमध्ये किंवा खाजगी दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ही लस देतात आणि त्यांचंच पिवळं कार्ड धरलं जातं. आपल्याला सोयीचं पडतं ते गोव्यातलं मुरगावचं पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन. नाहीतर बेंगळुरू किंवा मुंबई. एक कुपी अनेकांसाठी असते आणि उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. आधी नोंदणी न करता चोर्ला घाट उतरून गेलात तर फेरी वाया जाईल. पासपोर्ट बरोबर लागतो, कारण कार्डावर त्याचा नंबर पडतो.

डोस एकच, 0.5 मिली. प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतर लागू होतं आणि जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून गोवर किंवा कांजिण्यांची लस एकतर त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवडे अंतर ठेवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, थायमसचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगा. लस घेतल्यावर चार आठवडे रक्तदान करू नका. कॉलेजातल्या शिबिरात हे कुणी विचारत नाही.

युगांडा आत घेतानाच कार्ड मागतो. केनियाला जाताना भारतातून थेट आलेल्याला बहुधा कुणी विचारत नाही आणि तिथंच लोक फसतात, कारण परत येताना भारत विचारतो. कार्ड नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. अदिस अबाबात नुसतं विमान बदलणार असलात तरी कार्ड हाताशी ठेवा. कार्डाचा फोटो पुरत नाही, मूळ कार्ड लागतं.

मलेरियाच्या गोळ्या खरंच घ्यायच्या? इथं तर कुणी घेत नाही.

पूर्व आफ्रिकेत घ्यायच्याच. तिथला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा प्रकार, आहे आणि क्लोरोक्विन या जुन्या औषधाला दाद देत नाही. तुम्ही लहानपणापासून मलेरियाच्या साथीत वाढलेले नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला होतो तेवढा सौम्य तो तुम्हाला होणार नाही.

सगळ्यात स्वस्त डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ रोज एक. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परत आल्यावर पूर्ण चार आठवडे चालू. 21 दिवसांच्या दौऱ्याला 2 अधिक 21 अधिक 28, म्हणजे 51 गोळ्या. बहुतेक जण 21 घेऊन जातात आणि परतल्यावर सोडून देतात. मलेरियाचा जंतू यकृतातून रक्तात उतरतो तेव्हाच गोळी त्याला मारते, म्हणून शेवटचे चार आठवडे सुरुवातीच्याइतकेच महत्त्वाचे. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अंथरुणात पडल्यापडल्या घोटभर पाण्याने गिळली की ती अन्ननलिकेत अडकते आणि छातीत अशी जळजळ होते की हार्ट अटॅक वाटावा. उन्हाने त्वचा भाजते, लांब बाह्या घाला. अँटासिड किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका.

मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायचं असलं तरी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं लागतं आणि नैराश्य, फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ते नकोच. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर फक्त सात दिवस घ्यावं लागतं, पण महाग पडतं. निवड तुमच्या डॉक्टरांची. मच्छरदाणी आणि डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम गोळीबरोबरच वापरायचं, गोळीऐवजी नाही.

मी तिसऱ्या वर्षाला आहे. तिथं पेशंट तपासू शकते का?

देखरेखीखाली, हो. स्वतंत्रपणे, नाही. नियम सोपा ठेवा: जे काम बेळगावच्या वॉर्डात तुम्हाला एकटीला करू देत नाहीत, ते काठमांडूत किंवा केनियातल्या किसुमूत तुम्ही एकटीने करायचं नाही. तिथं डॉक्टर कमी आहेत म्हणून तुमचं ज्ञान वाढत नाही.

नोंदणीकृत डॉक्टरलाही तिथं काम करायला परवानगी लागते. नेपाळात नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, केनियात तिथल्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा परवाना. विद्यार्थी या कुठल्याच चौकटीत बसत नाही, म्हणून तुमच्या प्रत्येक कामामागे तिथला परवानाधारक माणूस असावा लागतो. 'टाके घालून बघ', 'डिलिव्हरी तू घे' असं कौतुकाने कुणी म्हणालं तर नाही म्हणायची तयारी इथूनच करून जा. स्थानिक डॉक्टर पाहुण्याला नाही म्हणायला संकोचतात, ते काम तुमचं.

उरलेलं काम कमी नाही. नोंदणी, वजन, उंची, बीपी, साखर, दंडाचा घेर, औषधं कशी घ्यायची ते समजावणं, रांग सांभाळणं. शिबिर चालतं किंवा कोसळतं ते याच टेबलांवर.

मग या टेबलांसाठी काय शिकून जावं?

बीपी आधी. पेशंट पाच मिनिटं टेकून बसलेला, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या, म्हणजे कफच्या, आतली पिशवी दंडाच्या घेराच्या 80 टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडावर लहान कफ बांधला तर बीपी खोटं वाढलेलं येतं आणि निरोगी माणूस घाबरून घरी जातो. दोन मापांचे कफ न्या.

साखर तपासताना पेशंटचे हात आधी साबणाने धुवा. आंबा किंवा ऊस खाऊन आलेल्याच्या बोटावरची साखरच यंत्र मोजतं. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या. स्ट्रिपची डबी उघडी ठेवू नका, दमट हवेत त्या खराब होतात. सुई प्रत्येकाला नवी हवीच, आणि टोचायचं पेनही अनेकांसाठी एकच वापरायचं नाही. आणखी एक गोम: नेपाळात आपल्यासारखं मिलिग्रॅममध्ये मोजतात, पूर्व आफ्रिकेत मिलिमोलमध्ये. 7 हा आकडा पाहून साखर पार उतरली असं समजू नका. 18 ने गुणा, 126 येतात.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण. त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यायचं.

आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या मुलांच्या पातळ औषधात. पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ धरलं तर 10 किलोच्या बाळाला 150 मिग्रॅ. 5 मिलीत 125 मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर 6 मिली, 250 चं असेल तर 3 मिली, आणि मिलीला 100 मिग्रॅ असलेले ड्रॉप्स असतील तर दीडच मिली. 'एक चमचा द्या' म्हणणं इथं धोक्याचं आहे. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचा, मग मापाच्या सिरिंजने आईला एकदा भरून दाखवा आणि तिच्याकडून एकदा भरून घ्या. ब्रँडची नावं विसरा. डोलो म्हटलेलं तिथल्या औषधवाल्याला कळेलच असं नाही, पॅरासिटामॉल कळतं.

ओआरएस तर सगळ्यांना येतं. त्यात काय शिकायचं?

पाकीट कितीचं आहे ते वाचायला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये घालायचं असतं. ते एका ग्लासात कालवलं तर मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की बाळाला उलट अपाय होतो. लिटरचं माप नसेल तिथं घरात कोणती बाटली आहे ते विचारा आणि तिच्यावर खूण करून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. जुलाब झालेल्या मुलाला झिंकही 10 ते 14 दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलाला 20 मिग्रॅ, त्याहून लहान बाळाला 10.

भाषेचं कसं करायचं?

यात आपल्याकडची मुलं इतरांपेक्षा पुढं आहेत, आणि त्यांना ते ठाऊक नसतं. घरी मराठी, दुकानात कन्नड, वर्गात इंग्रजी, अशी उलथापालथ रोज चालते. गोकाक-सौंदत्तीकडून आलेल्या आजींचं कन्नड दुखणं मराठी वर्गमित्राला समजावून सांगितलं असेल, तर दुभाष्याचं काम तुम्ही केलेलंच आहे. निघण्याआधी मुद्दाम सराव करा. एकाने पेशंट व्हायचं, एकाने दुभाषी, एकाने तपासायचं. वाक्य छोटं, एका वेळी एकच प्रश्न, नजर दुभाष्याकडे नाही तर पेशंटकडे. दुभाष्याने दोन मिनिटांचं बोलणं 'नाही म्हणतात' एवढ्यात संपवलं तर थांबवा आणि पुन्हा विचारायला लावा.

नेपाळी देवनागरीत आहे, पाट्या आणि केसपेपर वाचता येतील. 'कहाँ दुख्छ?' कळायला शिकवणी लागत नाही. ज्वरो म्हणजे ताप, खोकी म्हणजे खोकला, पखाला म्हणजे जुलाब. पण सारखे दिसणारे शब्द फसवतातही: 'स्वास्थ्य शिक्षा' अशी पाटी दिसली तर तिथं आरोग्यशिक्षण चाललंय, कुणाला शिक्षा होत नाही. तारखा विक्रम संवतात असतात. वर्षातून 57 वजा करा, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत 56. आपल्या पंचांगातलं शके डोक्यात ठेवून 78 ने हिशेब केलात तर वीस वर्षांची मुलगी आणखी वीसेक वर्षांनी मोठी होईल.

केनियाकडच्या स्वाहिली भाषेत घोटाळा वेळेचा. तिथं दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे 'सा मोजा', पहिला तास, हा आपला सकाळी सातचा. तुम्ही 'आठ वाजता गोळी' सांगितलीत आणि दुभाष्याने 'सा नाने' असं शब्दशः म्हटलं, तर पेशंट ती दोन वाजता घेईल. म्हणून घड्याळ सांगूच नका. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, झोपताना, असं सांगा.

गोळा केलेली औषधं बरोबर न्यायची आहेत. बॅगेत घालू?

आधी तिथल्या संस्थेला यादी पाठवा. त्यांनी मागितलेलं नसेल तर नेऊ नका. पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना आहे. डॉक्टरांकडची सॅम्पल्स आणि पेशंटनी परत केलेल्या अर्ध्या पट्ट्या दानात चालत नाहीत. आयातीला तिथल्या औषध नियंत्रकाची परवानगी लागते: नेपाळात औषधी व्यवस्था विभाग, केनियात फार्मसी अँड पॉयझन्स बोर्ड, युगांडात नॅशनल ड्रग अथॉरिटी. परवानगी नसलेला खोका कस्टमवाले ठेवून घेतात आणि त्यामागे अख्खी टीम दिवसभर अडकते. एवढे पैसे जमलेच असतील तर तिथंच, तिथली औषधं विकत घ्या. लेबल त्यांच्या भाषेतलं असतं, आणि ते संपल्यावर पुढचंही त्याच दुकानात मिळतं.

स्वतःच्या बॅगेत काय आणि किती?

तीन आठवड्यांसाठी एका माणसामागे: लिटरची ओआरएस पाकिटं 10, पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ 20, सिटिरिझिन 10, डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवणारं लोपेरामाइड (रक्ताचे जुलाब किंवा ताप असेल तर लोपेरामाइड घ्यायचं नाही), मलेरियाच्या गोळ्या पूर्ण मोजून, आपल्या मापाच्या नायट्राइल हातमोज्यांचा 100 चा एक डबा, एन-95 मास्क 15, डोक्याला लावायची बॅटरी, दोन ॲप्रन. सगळी औषधं मूळ पट्टीत, बरोबर जेनेरिक नावांची इंग्रजी चिठ्ठी. रोज घ्यायची औषधं हातातल्या बॅगेत.

पाऱ्याचं बीपी यंत्र आणि पाऱ्याचा थर्मामीटर विमानात नेऊ नका, डायलचं किंवा डिजिटल घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते, मर्यादा 100 ची आहे. कात्री आणि सुया चेक-इनमध्ये. केनिया-युगांडात तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, अडॅप्टर लागेल. नेपाळात बहुधा आपलाच प्लग चालतो.

दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल तर आईने दिलेला डबा उघडून बघा. खसखस तिथं अमली पदार्थांत मोडते. अनारसे, खसखस घातलेला मसाला, लाडू, काहीही नको. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी नको आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. कुंदा न्यायचाच असेल तर नेपाळला घट्ट बांधून न्या आणि दोन दिवसांत संपवा. तो दुधाचा आहे, इतर देशांत कस्टमवर अडू शकतो.

पाणी?

खळखळून एक मिनिट उकळलेलं, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या वेगवेगळ्या लिटरच्या असतात. 20 लिटरची गोळी बाटलीत टाकली तर पिववणार नाही, एक लिटरची घागरीत टाकली तर उपयोग नाही. अर्धा तास थांबायचं. मलप्रभेत डुंबायची सवय असेल तर ती व्हिक्टोरिया सरोवराकाठी आवरा. गोगलगायींतून येणारा शिस्टोसोमा नावाचा परजीवी जंत तिथल्या पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरतो.

सुई टोचली तर?

साबण आणि पाण्याने धुवा. पिळू नका, स्पिरिट ओतू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच देखरेख करणाऱ्याला सांगा. लाज वाटून रात्रीपर्यंत गप्प राहणं ही खरी चूक. एचआयव्हीविरुद्धची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, आणि 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा, सध्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्याला मात्र 6 ते 30 टक्के. तिसऱ्या डोसमागे आम्ही का लागतो ते यावरून कळेल.

निघण्याआधी संस्थेला विचारा: हा कोर्स तुमच्या दवाखान्यात आहे का, नसेल तर किती तासांच्या अंतरावर? उत्तर अंदाजे आलं तर पाच दिवसांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीने बरोबर न्या.

नेपाळात डोंगरावरचं शिबिर आहे. वेगळी काळजी?

बेळगाव साधारण 750 मीटरवर, काठमांडू 1400 च्या आसपास, तिथवर काही होत नाही. नामचे बाजार 3440 मीटरवर आहे. 3000 च्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तर वर जायचं नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइड 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

तीन प्रश्न विचारा. तुमची देखरेख करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक काय? शिबिरात सापडलेल्या रक्तदाबाच्या पेशंटला पुढच्या महिन्यात कोण बघणार? आणि फीचे पैसे कशाकशावर जातात? 'प्रत्यक्ष सर्जरी करायला मिळेल' ही जाहिरात असेल तर पुढचा प्रश्न विचारायचीही गरज नाही.

विमा?

साधा प्रवास विमा पुरत नाही. त्यात आजारी माणसाला हलवण्याचा खर्च आणि वैद्यकीय ठिकाणी काम करताना झालेली इजा धरलेली आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलची माहिती आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन घरच्यांकडे कागदावर लिहून ठेवा. मोबाइल हरवला की त्यातले नंबरही जातात.

पेशंटचे फोटो टाकले तर चालतात?

नाही. आपल्या आजीचा केसपेपर धरलेला फोटो कुणी परक्याने टाकलेला चालेल का, तेवढं बघा.

परत आल्यावर काय?

मलेरियाच्या गोळ्या संपवा. क्षयाच्या वॉर्डात काम केलं असेल तर आठ ते दहा आठवड्यांनी इग्रा (क्षयाची रक्तचाचणी) किंवा त्वचेची चाचणी करून घ्या. जाण्याआधीचा रिपोर्ट असेल तरच ती वाचता येते.

तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही. पहिली निगेटिव्ह आली तर 12 ते 24 तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा. पावसाळ्यात आपल्याकडं ताप म्हटलं की डेंग्यू नाहीतर व्हायरल असंच डोक्यात येतं, आणि गल्लीतल्या डॉक्टरांना तुम्ही कुठं जाऊन आलात हे ठाऊक नसतं. देशाचं नाव, जायची-यायची तारीख आणि घेतलेल्या गोळीचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. तापाने भ्रमिष्ट झालेला माणूस ते सांगू शकत नाही, म्हणून खोलीतल्या जोडीदारालाही सांगून ठेवा.